एकट्याचे राज्य

एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.

सकाळी उठावे आणि पाहावे तो पृथ्वीवर आपल्याखेरीज कोणीच उरलेले नाही, ही कल्पना आयुष्यात एकदाही मनात आली नाही असा माणूस विरळाच. रस्ते मोकळे, दुकाने उघडी, परीक्षा घ्यायला कोणी नाही आणि पेपर तपासायलाही कोणी नाही! लहानपणी ही कल्पना मिठाईच्या दुकानापाशी येऊन थांबते. वय वाढले की ती एखाद्या मोकळ्या खोलीपाशी, पुस्तकांच्या कपाटापाशी किंवा नुसत्या शांततेपाशी येऊन थांबते. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात अशा घरातून जे विद्यार्थी येतात, त्यांना तर या कल्पनेचा मोह अधिकच पडतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकते.

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे आपण सर्वांनी समाजशास्त्राच्या वहीत उतरून घेतले आहे. ज्याचे इतर माणसांवाचून अडत नाही तो पशू तरी असावा किंवा देव तरी, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. परीक्षेत हे लिहिले म्हणजे गुणही मिळतात. परंतु समाजशील म्हणजे नेमके काय? धान्य पिकवायला, कापड विणायला, घर बांधायला इतर माणसे लागतात, एवढाच त्याचा अर्थ आहे काय? की या साऱ्या गरजा भागल्या तरीही दुसरा माणूस लागतोच?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात मी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक, पृथ्वीवर एकटे उरण्याची कल्पना. दुसरी, भावंडांनी एका टीव्हीपुढे बसून खेळलेला व्हिडिओ गेम. पहिली गोष्ट गंभीर आणि दुसरी पोरकट वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

साहित्यातील एकटा माणूस

डॅनिएल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ओसाड बेटावर अठ्ठावीस वर्षे काढतो. तो निवारा उभारतो, धान्य पिकवतो, शेळ्या पाळतो. पोटाची काळजी मिटते. पण तेवढ्याने त्याचे भागत नाही. तो एक पोपट धरतो आणि त्याला आपले स्वतःचे नाव उच्चारायला शिकवतो. कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी ही भूक त्या भरल्या कोठारात भागलेली नव्हती. मात्र पुढे याच क्रूसोला वाळूत माणसाच्या पावलाचा एक ठसा दिसतो, तेव्हा तो आनंदाने नाचत नाही. त्याची भीतीने गाळण उडते आणि तो कुंपणाआड जाऊन दडतो. हा विरोधाभास वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

क्रूसो काल्पनिक होता, पण अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी खरा होता. कप्तानाशी भांडण होऊन १७०४ साली तो चिलीजवळच्या एका निर्जन बेटावर राहिला आणि फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला सोडवले. रॉजर्सने १७१२ साली आपला प्रवासवृत्तांत छापला. त्यात दोन नोंदी आहेत. वापर नसल्यामुळे सेल्कर्कची भाषा इतकी मोडली होती की त्याचे अर्धवट शब्द समजून घेणे कठीण जाई. आणि बेटावर असताना तो माणसाळवलेल्या मांजरांबरोबर व शेळीच्या करडांबरोबर गात-नाचत असे. म्हणजे एकट्या माणसाची भाषा गेली, पण खेळ गेला नाही. मात्र त्या खेळालाही त्याला सोबती शोधावे लागले.

मेरी शेलीच्या ‘द लास्ट मॅन’ (१८२६) या कादंबरीत महामारीने सारी मानवजात नष्ट होते आणि लायोनेल व्हर्नी हा एकटाच उरतो. एका ओस पडलेल्या घरात अचानक समोर रानटी दिसणारा माणूस पाहून तो दचकतो. तो असतो आरसा. वाटेतल्या गावांतून तो आपण रोमला राहावयास जात असल्याचे निरोप लिहून ठेवतो. वाचणारा कोणी नाही हे माहीत असूनही तो ग्रंथ लिहितो आणि शेवटी एका कुत्र्याला सोबत घेऊन नावेतून निघतो. ही कल्पना लेखिकेला हौस म्हणून सुचलेली नव्हती. तोवर तिची तीन अपत्ये गेली होती, १८२२ मध्ये पती शेली बुडून मरण पावला होता आणि १८२४ मध्ये स्नेही बायरनही गेला होता. ज्याची माणसे एकेक करून गेली आहेत त्याला ‘शेवटचा माणूस’ होण्यासाठी महामारीची गरज पडत नाही.

ऑस्ट्रियन लेखिका मार्लेन हाउसहोफर हिच्या १९६३ च्या कादंबरीत एक स्त्री अदृश्य भिंतीमागे एकटी सापडते. तिच्याजवळ एक कुत्रा, एक गाय आणि एक मांजर असते, आणि तीही जुन्या कागदांच्या पाठीवर आपली हकीकत लिहीत राहते. देश वेगळे, शतके वेगळी, पण गोष्ट तीच. कोणी पोपट शिकवतो, कोणी करडांबरोबर नाचतो, कोणी न येणाऱ्या वाचकासाठी लिहितो. एकट्या माणसाच्या कथेत खरोखरीचा एकटा माणूस कोठेच सापडत नाही. लेखक त्याला सोबत देतो, आणि लेखक विसरलाच तर तो ती स्वतः निर्माण करतो.

उपनिषद आणि दंडसंहिता

याच प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या ब्राह्मणात, सृष्टीच्या आरंभीचा एकटा पुरुष वर्णिला आहे. त्याने सभोवार पाहिले, स्वतःवाचून दुसरे काही दिसले नाही. त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की दुसरे कोणी नाहीच, तर भ्यायचे कोणाला? भय हे दुसऱ्यापासून असते. या विचाराने त्याचे भय गेले. पण तरीही तो रमला नाही, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली.

या कथेतील क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. भीती विचाराने गेली, पण रमणे काही विचाराने आले नाही. त्यासाठी दुसराच लागला. आणि तोच दुसरा भयाचेही कारण आहे, हेही उपनिषदाने लपवले नाही. पोपटाला आपले नाव शिकवणारा क्रूसो वाळूतील ठशाला का भ्याला, याचे उत्तर येथे मिळते. दुसऱ्यावाचून करमत नाही आणि दुसऱ्याचे भयही वाटते. या दोहोंच्या मध्ये माणसाचा सारा संसार चालतो.

तत्त्वज्ञान कोणास दूरचे वाटत असेल तर कायदा पाहावा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने एकांतकोठडी ही शिक्षा मानली होती. पण कलम ७३ प्रमाणे ती एकूण तीन महिन्यांपेक्षा अधिक देता येत नसे आणि कलम ७४ प्रमाणे एका वेळी चौदा दिवसांपेक्षा अधिक चालवता येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलमे ११ व १२) या मर्यादा कायम आहेत. सक्तमजुरी वर्षानुवर्षे देता येते, पण एकटेपणा चौदा दिवसांवर सलग देता येत नाही. ज्या अवस्थेची आपण मोहाने कल्पना करतो, ती कायद्याने मोजून मापून द्यावयाची शिक्षा ठरवली आहे.

राज्य कोणावर?

आता खेळाकडे वळू. मराठी मुलांच्या खेळात एक विलक्षण शब्द आहे, तो म्हणजे ‘राज्य’. लपंडावात, आंधळ्या कोशिंबिरीत किंवा शिवणापाण्यात ज्याच्यावर राज्य येते तो काही राजा नसतो. तो एकटा पडतो. बाकीचे लपतात, पळतात, हसतात. आणि हा डोळे झाकून अंक मोजतो. राज्य आले की मूल रडकुंडीला येते आणि ते कधी एकदा दुसऱ्यावर जाते असे त्याला होते. ज्या कोणी हा शब्द प्रथम वापरला त्याला एकटेपणाचे मर्म नक्कीच कळले असले पाहिजे. ‘आता सारी पृथ्वी माझी’ असे म्हणणारा शेवटचा माणूस म्हणजे तरी कोण? ज्याच्यावर कायमचे राज्य आले आहे आणि लपलेला एकही गडी आता सापडणार नाही, असा खेळाडू!

झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९३२ साली ग्रंथ लिहिला. त्यात त्याला आढळले की अगदी लहान मुले एकत्र बसली तरी खरे पाहता प्रत्येक जण आपापलेच खेळत असतो आणि सगळेच एकाच वेळी जिंकू शकतात. नियम हा सर्वांनी मिळून पाळायचा करार आहे, ही समज पुढे येते, आणि ती बरोबरीच्या मुलांशी खेळताना येते. जॉर्ज हर्बर्ट मीड या समाजशास्त्रज्ञाचा विचार (ग्रंथ १९३४) याच दिशेने जातो. संघाच्या खेळात मुलाला आपली जागा सांभाळताना इतर सर्वांच्या जागाही मनात धराव्या लागतात, आणि असे करता करता त्याचा ‘मी’ घडतो. म्हणजे आधी ‘मी’ आणि मग समाज असे नसून दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहायला शिकता शिकता ‘मी’ तयार होतो.

योहान हुइझिंगा याने १९३८ मध्ये खेळावर लिहिताना फसवणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला. फसवणारा निदान खेळाचे जग मान्य असल्याचे दाखवतो. खेळ मोडणारा ते जगच पुसून टाकतो. म्हणून समाज पहिल्याला एकवेळ क्षमा करतो, दुसऱ्याला करत नाही. रडीचा डाव खेळणाऱ्या मुलाला आपण चार शब्द ऐकवून पुन्हा खेळात घेतो. पण ‘जा, मी नाही खेळत’ म्हणून जो उठून जातो, त्याच्यामुळे सगळ्यांचीच संध्याकाळ फुकट जाते.

व्हिडिओ गेम हे एकलकोंड्यांचे व्यसन आहे असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्याचा उगम मात्र वेगळेच सांगतो. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम याने एका उपकरणाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. तो दोघांचा होता. १९६२ मधील ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांचा, म्हणजे दोघांचाच खेळ होता. १९७२ चा ‘पाँग’ही एकट्याला खेळता येत नसे. प्रतिस्पर्धी होण्याइतके ते यंत्र शहाणे नव्हते. म्हणून शेजारी माणूस बसवावा लागे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या खेळांनी यंत्रालाच प्रतिस्पर्धी केले आणि एकट्याची सोय झाली. पण यंत्र हरवते, जिंकू देते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते रुसत नाही. जो रुसत नाही त्याला दुसरा म्हणावे काय, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवते.

एक टीव्ही, दोन रिमोट

मी तिसरीत असताना वडिलांनी आठवड्याच्या बाजारातून एक जुना टीव्हीगेम आणला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी, एक कॅसेट आणि दोन रिमोट, एवढा सरंजाम. ताई तेव्हा आठवीत होती आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा. रिमोट दोन आणि भावंडे तीन! आमच्याकडे पूर्वी मामाने आणलेल्या खेळण्यातला एक मोडका रिमोट होता. तो आम्ही धाकट्याच्या हाती दिला. वायर कशालाच जोडलेली नव्हती, पण पडद्यावरचा एक रणगाडा आपणच चालवतो आहोत अशा खात्रीने तो बटणे दाबी, आणि प्रत्येक डावात जिंके. पियाजेची जिनिव्हातील मुले आमच्या ओसरीवरच बसली होती म्हणा ना! मराठी खेळात अशा गड्याला लिंबूटिंबू म्हणतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण त्याला खेळाबाहेरही ठेवत नाहीत. दुबळ्याला घरी न धाडता त्याच्यापुरता नियम सैल करणारी ही संस्था कोणत्या समाजशास्त्रज्ञाने नोंदली आहे की नाही, कोण जाणे. नोंदण्याजोगी खास आहे.

तो रणगाड्यांचा खेळ म्हणजे १९८५ चा ‘बॅटल सिटी’. दोघांनी मिळून एका गरुडाचे रक्षण करायचे. यात एक मौज आहे. आपली गोळी सोबत्याला लागली तर तो मरत नाही, पण काही क्षण जागचा हलत नाही. आणि आपली गोळी आपल्याच गरुडाला लागली तर दोघांचाही खेळ संपतो. भावंडांचे भांडण याहून चांगले कोणी सांगावे? एकमेकांना थोडे थिजवावे, पण घरावर गोळी जाऊ देऊ नये.

दुसरा खेळ होता ‘काँट्रा’. हा मूळचा १९८७ चा. घरच्या टीव्हीवर तो १९८८ मध्ये आला. त्यातील तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. दोन शिपायांनी खडकांवरून उड्या मारीत वर चढायचे असते. पण पडदा दोघांत एकच. पुढचा झपाझप वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला नाहीसा होऊन मरतो. शत्रूची गोळी लागावी लागत नाही. सोबत्याची घाई पुरते. ताईचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चलाख होता. ती एकटीने सहज वर पोचली असती. पण ती प्रत्येक खडकावर थांबे, ‘आलीस का?’ असे विचारी, आणि मी पोचले की मगच पुढची उडी मारी. त्यामुळे कित्येकदा तिलाच गोळी लागे.

पुढे दोन वर्षांनी ताई दहावी झाली आणि तिचे शिक्षण थांबले. गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढे रोज एस.टी.ने जावे लागणार, आणि तिच्या पाठीवर आम्ही दोघे होतो. ती शिलाई मशीनवर बसली. तिच्या पिको-फॉलच्या पैशांतून माझ्या अकरावी-बारावीच्या पासाचे पैसे निघाले. मग तिचे लग्न झाले, आणि मी आमच्या घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली ठरले. गावात याचे कौतुक होते. ‘पहिली’ या शब्दात एक ‘एकटी’ दडलेली असते, हे मात्र वसतिगृहात आल्यावर कळले. जे मी वाचते त्याबद्दल घरी बोलता येत नाही. जे घरी बोलले जाते ते येथे कोणाला सांगावे असे वाटत नाही. सेल्कर्कची भाषा बेटावर मोडली; माझी दोन्हीकडे मोडू लागली. त्या उपनिषदातील पुरुषासारखे भय विचाराने घालवता येते. रमणे तेवढे जमत नाही.

तीन पलंग

धाकटा आता मोबाईलवर ‘माइनक्राफ्ट’ खेळतो. मार्कुस पेर्सन या स्वीडिश तरुणाने २००९ साली तो लोकांपुढे आणला आणि २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला. या खेळाचा आरंभ म्हणजे आपल्या विषयाचे प्रात्यक्षिकच होय. खेळाडू एका अफाट पृथ्वीवर एकटा उभा असतो. काय करावे हे कोणी सांगत नाही. झाडे तोडावी, दगड खणावा, रात्र व्हायच्या आत निवारा बांधावा. हे क्रूसोचेच बेट आहे, फक्त चौकोनी ठोकळ्यांचे.

गेल्या दिवाळीत त्याने हॉटस्पॉट चालू करून मला आपल्या जगात बोलावले. वर्षभर एकट्याने खपून त्याने डोंगराच्या कुशीत घर बांधले होते. पुढे गव्हाचे शेत, मागे कोंबड्या. आत गेले तर खोलीत तीन पलंग. खेळात एकट्याला एकच पलंग पुरतो. मी विचारले, तर म्हणाला, ‘एक तुझा, एक ताईचा. तिला कुठला वेळ मिळतोय खेळायला, पण असू दे.’ या खेळाच्या मूळ नियमात एक सुंदर गोष्ट आहे. एकाहून अधिक खेळाडू असले तर सगळे झोपल्याखेरीज रात्र लवकर सरत नाही. आम्ही दोघे आपापल्या पलंगावर गेलो तेव्हा त्याच्या जगात उजाडले.

समारोप

एवढ्या विवेचनातून मला जे दिसते ते थोडक्यात मांडते. पृथ्वीवर एकटे असण्याची कल्पना आपण करतो तेव्हा आपल्याला माणसे नकोशी झालेली नसतात. त्यांचा त्रास, त्यांची गर्दी, त्यांची स्पर्धा नकोशी झालेली असते. पण त्रास देणारा दुसरा आणि रमवणारा दुसरा हे दोन वेगळे इसम नाहीत. भावंड हा माणसाच्या आयुष्यातील असा पहिला दुसरा होय. तो आपला रिमोट हिसकावतो आणि तोच खडकावर थांबतो. समाजशील असणे म्हणजे केवळ गरजा भागवण्यासाठी एकत्र येणे नव्हे. आपल्या चढण्याबरोबर पडदा कोणाच्या पायाखालून सरकतो आहे, याचे भान ठेवणे होय.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिलेच शिकायला आलेले, कितीतरी विद्यार्थी-विद्यार्थिनी आहेत. आपल्याला वर चढायचे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु प्रत्येक खडकावर क्षणभर थांबून खाली पाहिले तर आपली उडी काही चुकणार नाही. यंदा ताईने बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. दुपारी मुलगी झोपली की ती फोन करते, आणि मी तिला मराठीचा एकेक धडा समजावून सांगते. समजावता समजावता तो मलाच नव्याने समजतो. माझ्या दोन मोडक्या भाषा त्या अर्ध्या तासात एकत्र येतात. परीक्षेत काय होईल ते होवो. पृथ्वीचे राज्य एकट्याला मिळत असेल तर ते ज्याला हवे त्याने घ्यावे. डाव मांडायला मात्र निदान दोघे लागतात.